मायाबाईंच्या दारातला शिंजीर

पक्षी बघणाऱ्यांकडे फोटो कमी अन् किस्से जास्त असतात. बल्लारपूरच्या आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये तर पक्षी नाही दिसला तरी माणूस किस्सा घेऊनच घरी जातो! त्यात फुलांतला मध पिणारा शिंजीर असला की विचारूच नका. अंगठ्याएवढा जीव, पण रुबाब ठाणेदाराचा!

*

राजुऱ्याच्या रस्त्यावरच्या पळसावर जांभळ्या शिंजिराचा ताबा होता. पिवळ्या पोटाचा शिंजीर, म्हणजे त्याचाच भाऊबंद, आला की हा त्याला नाल्यापलीकडे हाकलून यायचा. तेवढ्यात मागून दुसरा भाऊबंद मध पिऊन जायचा!

खाणीत फिटर असलेले आमचे ढवळेभाऊ म्हणाले, "दिवसभर पहाराच देऊन राह्यला. हा जेवते कवा?"

*

एकदा तिथं बुलबुल बसला. त्याच्यापुढे शिंजीर म्हणजे चिमूटभर. तरी असा अंगावर गेला की बुलबुलाला पळता भुई थोडी झाली! भाऊंनी उभं राहून सलाम ठोकला. खरं सांगतो, मीही ठोकला.

*

मायाबाई आमच्यातल्या शाळेच्या बाई. त्यांच्या दारातल्या दिव्याच्या वायरला लटकलेलं दुसऱ्या एका जांभळ्याचं घरटं, घरट्यात पिलं, अन् त्याच दारात मुलीचं लग्न!

मांडववाला म्हणाला, "बाई, घरटं काढा लागते."

"मांडव मांगं सरकव."

"मंग पाहुणे कुठून येतीन?"

"सैपाकघरातून!"

जावई नागपूरचा. आपल्या घरातलं हे वेड बघून तो हसेल, याची बाईंना मनातून धास्ती होती. पण घरटं काही त्यांनी हलवू दिलं नाही.

*

आदल्या दिवशी दारातल्या जास्वंदीवर पिवळ्या पोटाचा आला. बाप त्याला हाकलण्यात दंग, पिलं चोची वासून बसलेली. ढवळेभाऊंनी भाऊबंदांची वाटणीच करून टाकली. जास्वंदीच्या दोन कुंड्या उचलून मागच्या अंगणात ठेवल्या, पिवळ्या पाहुण्यासाठी!

झालं! जांभळा आता दोन्हीकडे पहारा द्यायला लागला.

"भाऊ, तुम्ही तं त्याची इस्टेट वाढवली!" बाई ओरडल्या. कुंड्या परत आल्या.

*

लग्नाच्या दिवशी नवरदेवाची गाडी थेट दाराशी थांबली. गाडीच्या आरशात जांभळ्याला आणखी एक जांभळा दिसला. मग काय! चोचीनं टकटक, पंखांची फडफड, पिलांचं भानच नाही. मादी एकटी किती घास आणणार? बाईंचा जीव वरखाली होत होता, पण पाहुण्यांना सोडून जाता येईना.

नवरदेव गाडीतून उतरला, थबकला, परत वळला. मग सैपाकघरातून निमूट आत आला.

स्टेजवर जोडे काढल्यावर फोटोग्राफर म्हणाला, "नवरदेव, एकाच पायात मोजा? दुसरा कुठी गेला?"

त्यानं लाजत गाडीकडे बोट दाखवलं. आरशावर पांढरा मोजा चढवलेला होता, अन् जांभळा चोचीत किडा घेऊन घरट्याशी लोंबकळत होता.

मायाबाईंनी आधी घरट्याकडे पाहिलं, मग जावयाच्या उघड्या पायाकडे. डोळे पुसून म्हणाल्या, "फोटो असाच काढ!"