कालवं आणि पांढरी वाईन
लिंबू कापलं की मला अजून परदेशात ओजिमाला राहत होतो तेव्हाची ती दुपार आठवते. त्याआधी ह्यांच्या साहेबांच्या बायकोने माझ्याच घरी, सगळ्या बायकांदेखत, माझी कोळंबीची आमटी बाजूला सारली होती. "अहो, या फ्रेंच वाईनबरोबर कच्ची कालवं लागतात. तुम्हाला काय कळणार म्हणा!" मी रत्नागिरीच्या खडकांवर कालवं फोडत वाढलेली! मग त्या दुपारी त्याच बायकांना पुन्हा बोलावलं, तीच वाईन थंडगार केली आणि ताजी कालवं फोडून, वर लिंबू पिळून तिच्यापुढे ठेवली. "घ्या ना वहिनी, खास तुमच्यासाठी!" तिने एक तोंडात घातलं आणि रुमाल शोधायला लागली. जन्मात कधी खाल्लंच नव्हतं हो तिने! मी मात्र शिंपल्यातून एक ओढलं, वर घोटभर वाईन घेतली. खरंच झकास लागते. मला वाईट वाटायला हवं होतं, नाही का? अजून वाटलेलं नाही.