एकरी अकरा किलो

“सही नाई करनार मी, सर. पयले मले सांगा, केळीले बी असते कुठी?”

“हिंदी में बोलो, प्रतिभा.”

“हिंदीत बोलली तं काय केळीले बी येईन?”

स्टाफरूममध्ये जेवणाचे डबे उघडलेले होते. दोन मॅडम घास हातात धरून ऐकत राहिल्या. निरंजन सरांनी पन्नास भरलेल्या फॉर्मांचा गठ्ठा प्रतिभाच्या पुढ्यात लोटला आणि शेवटच्या पानावरची रिकामी जागा बोटानं दाखवली. खाली छापलं होतं, स्थानिक तपासनीस. म्हणजे दारोदार हिंडून, समोर बसून ही माहिती घेतली, अशी हमी देणारं गावचं माणूस.

“तुम्हारा गाँव है, इसलिए तुम्हें ग्रुप में लिया. साइन करो और जाओ. नहीं तो प्रोजेक्ट में ॲबसेंट. ॲबसेंट मतलब फेल. समझी?”

समजलं होतं. बी.ए.चं शेवटचं वर्ष. प्रोजेक्टात गेली की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की बी.एड.चा फॉर्म गेला. इच्छापूरहून बसच्या दांड्याला लोंबकळत तीन वर्षं बुऱ्हाणपूरचं कॉलेज केलं ते ह्याच निकालासाठी. तरी तिनं पेनला हात लावला नाही.

भानगड होती चौदाव्या प्रश्नाची. सर वरच्या, गव्हाच्या मुलखातले. तिकडं कधीकाळी त्यांनी गव्हाचा सर्वे केला होता. त्याच फॉर्मातला गहू खोडून केळी घातली आणि छापायला दिला. बाकी जमून गेलं, चौदावा तसाच राहिला: एकरी बियाणे किती किलो? आता केळीचं बी बुऱ्हाणपुरात कोणी पेरलंय? कंद लावतात, नाहीतर टिश्यूचं रोप. इच्छापुरातलं शेंबडं पोरगंही हा प्रश्न ऐकून दात काढेल.

पण इच्छापुरात कोणाला विचारलंच नव्हतं. ग्रुपमधली दोघं, शहरातल्या सिंधीपुऱ्याचा नितीन आणि त्याच्या मागं मागं फिरणारी नेहा, एका रविवारी गाडीवर आली. प्रतिभाच्या आईनं, मालूबाईनं, त्यांच्यासाठी वांगी भाजून ठेवली होती. दोघांनी इच्छादेवीच्या पायऱ्यांवर फोटो काढले, कोणाच्या तरी बागेत घडाला मिठी मारून फोटो काढले, आणि “धूप बहुत है यार” म्हणत आल्या वाटेनं परत गेली. एका घराचा उंबरा ओलांडला नाही. गुरुवारी पन्नास फॉर्म भरून तयार. चौदाव्यापुढं कुठं दहा किलो, कुठं बारा, जास्त करून अकरा. नितीनच्या बापाचं कापडाचं दुकान. त्याला केळं माहीत ते हातगाडीवरचं.

त्यातही आग लागली ती तेवीस नंबरच्या फॉर्मानं. नाव: मालूबाई. शिक्षण: निरक्षर. मालूबाई सातवी शिकलेली. बागेत राबणाऱ्या चाळीस बायांची हजेरी तीच लिहिते.

कॉलेजात प्रतिभाचं नाव पहिल्या वर्षापासूनच ‘केलेवाली’ पडलेलं. केळीचा चीक कापडाला लागला की तपकिरी डाग पडतो, आणि कापड फाटेपर्यंत तो जात नाही. तिच्या प्रत्येक कुडत्यावर असा एखादा डाग असायचाच. नेहा शेजारी बसताना ओढणी आवरून घ्यायची, जसा काही डाग उडी मारून तिच्या अंगावर येणार आहे. प्रतिभा ‘मले-तुले’ बोलली की मागच्या बाकावरून तिची नक्कल व्हायची. त्यात नितीन सगळ्यात पुढं. त्याची आजी घरात ‘मले-तुले’च बोलते, हे प्रतिभाला ठाऊक होतं, पण कॉलेजच्या फाटकातून आत आला की ह्या गड्याला मराठी येतच नव्हती.

सही नाकारली त्या दिवशी संध्याकाळी नितीनचा ग्रुपवर मेसेज आला, “तेरी वजह से हम लटके तो देख लेना.”

तिनं लिहिलं, “पाहून राह्यली. तू नीट लटक.”

लगोलग तिला ग्रुपमधून काढून टाकलं.

घरी त्याहून मोठी फटकार वाट पाहत होती.

“सही केली असती तं हात झडला असता का तुहा?” मालूबाई भाकरी थापता थापता कडाडली. “तीन वर्सं कॉलेज कॉलेज करून काढले. आता निकालाच्या तोंडावर सरासंगं भांडून आली. मोठी वकीलीन!”

“माय, त्याईनं तुले निरक्षर लिहेल आहे.”

मालूबाईचा हात परातीतच थांबला. “कोनं?”

“नितीननं.”

“ज्याच्यासाठी म्या वांगे भाजले, थो?”

“थोच.”

मालूबाईनं पिठाचे हात लुगड्याला पुसले, कोरा फॉर्म मागून घेतला आणि चष्मा लावून एकेक रकाना स्वतःच्या अक्षरात भरला. चौदाव्यावर आली. दोनदा वाचलं. मग त्यावर आडवी रेघ ओढली आणि लिहिलं: केळीले बी नसते. ज्यानं विचारलं त्याले विचारा.

“घे. आता रडत बसू नको, दुसऱ्या घरी जाय.”

“मी रडून नाई राह्यली.”

“मंग तोंड कायले असं केलं?”

दुसऱ्या घरीही कोणी पाट मांडून ठेवला नव्हता. धुरपदाबाई दार अर्धं लावून उभी राहिली. “घरात मानसं किती, बाग किती, हे तुले कायले पाह्यजे? उद्या पटवाऱ्याच्या कानात घालशीन.” उखर्डूतात्यानं कुत्रं सोडायचं तेवढं बाकी ठेवलं. “तुह्या कॉलेजवाल्याईनं फोटो काढता काढता माह्या बागेतला घड मोडला. पयले त्याईले अठी माह्यासमोर उभं कर, मंग इचार!” ती तिथंच ओट्याखाली उभी राहिली. तात्याच्या शिव्या संपल्यावर त्याच्याच हातात पेन दिलं. तीन दिवसांत एकोणीस घरं झाली. एकोणीसही ठिकाणी चौदावा प्रश्न घरवाल्यानं आपल्या हातानं खोडला. एकानं तर त्यापुढं असं काही लिहिलं की प्रतिभाला त्यावर व्हाइटनर फिरवावं लागलं.

एकट्यानं प्रोजेक्ट द्यायची सोय नियमात आहे, हे तिला कॉलेजच्या ऑफिसातल्या सदाशिवबाबूनं सांगितलं. तिच्या कळवळ्यानं नव्हे. त्याचं आणि निरंजन सरांचं जुनं वाकडं होतं. “ले लिया तुम्हारा,” म्हणत त्यानं शिक्का असा दाणकन मारला की जणू सरांच्या कपाळावरच मारतोय.

तोंडी परीक्षेला इंदूरहून परीक्षक मॅडम आल्या. विषय एकच, म्हणून तिघांना एकदमच आत बोलावलं. निरंजन सर मॅडमच्या शेजारी बसलेले. नितीन-नेहाची फाइल बांधीव, वर सोनेरी अक्षरं. तपासनिसाच्या जागी नितीनच्या चुलतभावाची सही होती. तो जन्मात कधी इच्छापूरला उतरला नव्हता.

“सैंपल पचास. व्हेरी गुड,” मॅडम म्हणाल्या. मग प्रतिभाचे कागद चाळले. “तुम्हारे सिर्फ उन्नीस? और चौदह नंबर हर जगह कटा हुआ है?”

बसमध्ये घोकून आणलेलं वाक्य प्रतिभानं म्हटलं. “मॅडम, केले का बीज होता ही नहीं.”

नितीन हसला. “मॅडम, ये गाँव वाले हैं, इनको फॉर्म समझा ही नहीं. एकड़ में ग्यारह किलो लगता है.”

नेहाही हसली. निरंजन सर मात्र हसले नाहीत. ते खिडकीबाहेर बघत होते.

तेव्हा प्रतिभानं पायाशी ठेवलेली पिशवी उघडली. सकाळीच बागेतून खणून, वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेला कंद काढला, नारळाएवढा, मुळ्या लोंबत असलेला, आणि सोनेरी अक्षरांवर ठेवला.

“हे घे. अर्धा किलोच्या वर भरते एक. एकरी सतराशे लागते. कर आता तुहे अकरा किलो.”

फाइलीवर माती सांडली. कापल्या बाजूचा चीक हळूहळू पुठ्ठ्यावर उतरला. मॅडमनी खुर्ची मागं ओढली.

“उठाओ इसे! ये क्या बदतमीज़ी है?”

“बदतमीज़ी नाई मॅडम, हे चौदाव्याचं उत्तर आहे.”

मॅडमनी कंदाकडं पाहिलं, फॉर्माकडं पाहिलं, मग सरांकडं पाहिलं. सर अजून खिडकीबाहेरच होते. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि हात हलवला. “जाओ तीनों.”

कंद तिनं उचलला नाही.

निकाल लागला. नितीन-नेहाला ब्याऐंशी. प्रतिभाला पस्तीस, म्हणजे पासाच्या रेषेवर नख टेकेल एवढे. बी.एड.चा फॉर्म भरता येईल एवढे. गुणपत्रिका घ्यायला गेली तेव्हा सर व्हरांड्यात आडवे आले. “पासिंग दिला दिया है. एहसान मानो.”

“पस्तिसातला एकही तुमचा नाई, सर,” ती म्हणाली आणि बस पकडायला गेली.

आठवड्यानं ती मालूबाईसोबत बागेत पिलं कापत होती. केळीच्या मोठ्या खांबाच्या बुडाशी फुटलेली ही पिलं वेळेवर काढली नाहीत तर घड पोसत नाही. खिशात फोन वाजला. नेहा. तीन वर्षांत पहिल्यांदा.

“प्रतिभा, सुन ना यार, कैसी है? वो क्या है, सर को सेमिनार में पेपर पढ़ना है, अपने वाले सर्वे पर. तूने उस दिन बोला था ना, एकड़ में कंद कितने लगते हैं?” मागं कोणीतरी घसा खाकरला. तो घसा प्रतिभानं तीन वर्षं पहिल्या तासाला ऐकला होता.

तिनं विळा खांबाला टेकवला.

“सरले सांग, पन्नास घरांनी लिहून देल आहे. अकरा किलो.”

“अरे, सीरियसली बता ना…”

तिनं फोन बंद केला.

पलीकडच्या ओळीतून मालूबाईनं विचारलं, “कोन व्हतं?”

“कोनी नाई. बी इचारत व्हते.”

“मंग हात चालव. ह्या चार वळी दुपारच्या आत झाल्या पाह्यजे.”

प्रतिभा वाकली, पिलाचा शेंडा डाव्या मुठीत धरला आणि बुडाशी विळा घातला. चीक बाहीवर उडाला. तिनं बाही वर सारली आणि पुढच्या खांबाकडं सरकली.