चौफुलीवरचं वासरू

परवा मुलुंड चेकनाक्याच्या सिग्नलला माझ्या रिक्षाशेजारी कडब्याने भरलेला ट्रक येऊन थांबला. त्या कोरड्या, गोडसर वासाने मला आत्याचं गाव आठवलं. दोन हायवे एकमेकांना छेदतात त्या चौफुलीवरच ते आहे. घरं एका बाजूला, शेतं पलीकडे.

मी शाळेत होते, सुट्टीला गेले होते. संध्याकाळी आत्या आणि मी गाभण गाय शेतातून घरी आणत होतो. चौफुलीच्या मधोमध ती खाली बसली आणि उठेचना. तिला कळा सुरू झाल्या होत्या.

समोरून ट्रक येत होता. आत्या दोन्ही हात पसरून त्याच्यासमोर उभी राहिली. ब्रेक करकचले.

"मरायचंय का, बाई?" ड्रायव्हर ओरडला.

"गाय व्यायला लागलीय, दादा. थांबा जरा."

तो उतरला, गाईकडे बघितलं आणि ट्रक रस्त्यात आडवा लावला. मागचे हॉर्न हळूहळू थांबले. आत्याने वासराचे पाय धरून ओढले. ओलं, काळं वासरू बाहेर आलं, तशा मी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरनेच ते उचलून पलीकडे नेलं. गाय हंबरत मागोमाग गेली.

तेव्हा मी फक्त वासरू बघत होते. आज आत्या दिसते, जागची न हललेली, आणि तिच्या पदराला टेकलेला ट्रकचा बंपर.