राखणीची गाढवीण

"अहो! अहो, लांडगा! अरे, धाव! लांडगा आलाय!"

बायको मागच्या दारात उभी राहून ओरडत होती. शुगर लँडच्याही पलीकडे, जिथे रस्ता संपतो आणि डास सुरू होतात, तिथे आमचं घर होतं. पण तिचा आवाज असा, की त्या सकाळी निम्मं ह्यूस्टन गजर वाजला समजून उठून बसलं असणार. त्या हाकेत बोलावणं दोघांना होतं. 'अहो' म्हणजे मी आणि 'अरे' म्हणजे आमचा कुत्रा. पेट्रोल पंपामागे सापडलेलं ते पिवळं, काटकुळं पिल्लू घरी आलं तेव्हा मुलीने त्याला तीन-चार इंग्रजी नावं लावून पाहिली. पण बायकोच्या तोंडी 'अरे' बसलं ते बसलंच. आणि पहिल्या हाकेला ओ देणारा दोघांपैकी तोच होता.

साहेबावर छाप पाडायला घेतलेली गोल्फची काठी मी त्या दिवशी पहिल्यांदा उचलली आणि धावलो. तोवर 'अरे' तारेच्या कुंपणाशी उभा राहून घसा फोडत होता. शेळ्या एका कोपऱ्यात दाटल्या होत्या आणि एक करडू नव्हतं. शेजारच्या कुरणातून काहीतरी राखाडी, तांबूस, काही घाई नसल्यासारखं दुडक्या चालीनं निघालं होतं.

"घोड्याएवढा होता हो!" बायको म्हणाली.

"घोड्याएवढा नाही, शिंगराएवढा," मी म्हणालो. थापेत जरा काटकसर ठेवली की ती खपते.

शेजारचा म्हातारा गुरं पाळायचा आणि आठवड्याला मोजून दहा शब्द बोलायचा. त्याने आठवडाभराचे शब्द आमच्या चिखलात उकिडवं बसून खर्च केले.

"पळताना शेपूट वर की खाली?"

"खाली."

"कान?"

"मोठे. टोकदार."

"तोंड निमुळतं?"

"हो."

त्याने चिखलातल्या ठशाशेजारी आपला पंजा टेकवला. "लांडग्याचा पाय एवढा पडतो. हा बघा, अंड्याएवढा. शिवाय लांडगे इकडचे संपले. कायोटी आहे, मॅम."

आता कायोटीला मराठीत शब्द कुठला? मी तिथल्या तिथे निकाल दिला, "कोल्हा समज."

"कोल्हा काकडीला राजी असतो," बायको म्हणाली. "करडू उचलून नेतो त्याला मी लांडगाच म्हणणार."

म्हाताऱ्याने उपाय सांगितला, "राखणीला गाढव ठेवा."

"आहे की घरात एक," बायको मराठीत पुटपुटली. ती काय म्हणाली असं त्याने विचारलं. "तुमचे आभार मानतेय," मी सांगितलं.

आठवड्याच्या आत त्याच्याच ट्रेलरमधून गाढवीण उतरली. तिचं पहिलं ओरडणं ऐकून मेक्सिकोच्या आखातातली जहाजं बंदराकडे वळली म्हणतात. जाताना म्हातारा माझ्या कुत्र्याकडे बघत म्हणाला, "कुत्र्याच्या जातीचं हिला काहीही चालत नाही. लांडगा, कायोटी, तुमचा हा. ती वास घेते, चौकशी करत बसत नाही. दोघांना वेगळं ठेवा."

म्हणून आम्ही मधोमध जाळी घातली. अलीकडे घर आणि 'अरे', पलीकडे शेळ्या आणि ती.

वेगळं ठेवणं बायकोला रुचलं नाही. माझं ऑफिस लांब. मुलगी शाळेतून यायची, "आय नो, आई, आय नो" म्हणायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची. दिवसभर मराठी ऐकून घेणारा घरात एकटा तोच. भाजी काय करू इथपासून माहेरच्या पत्रात आलेल्या आईच्या गुडघ्यापर्यंत सगळं तो मान वाकडी करून ऐकायचा. तिचं म्हणणं एकच. ओळख नसली की भांडण होतं, करून दिली की मिटतं. रोज संध्याकाळी ती त्याला पट्ट्याला धरून जाळीशी न्यायची. "ही आपली आहे हं. आणि अगं, हा पण आपला." चाळीत नव्या बिऱ्हाडाची ओळख करून द्यावी तशी. गाढवीण कान मागे पाडून बघत राहायची.

पुढे पुढे ती मान वर न करता चरू लागली. "जमलं बघा दोघांचं," बायको म्हणाली. करडं वाढत होती, एकही जात नव्हतं. ह्यूस्टनच्या मंडळींना मी पाडव्याच्या जेवणात ठोकून दिलं, की आमच्या गाढविणीने तीन कोल्हे लाथेसरशी लुइझियानात पोचवले.

मग एका रविवारी फटफटताना कुरणापलीकडे कोल्हेकुई उठली, अगदी तारेला लागून. आम्ही बाहेर आलो तर जाळीच्या अलीकडे 'अरे' नव्हता. त्याने रात्रभर भिजलेली माती उकरून खालून वाट काढली होती. तो करडांपुढे उभा होता, तोंड पलीकडच्या तारेकडे करून भुंकत. गाढविणीकडे त्याची पाठ होती. तिच्याकडे बघायचं त्याला काही कारणच वाटलं नसावं.

ती मान खाली घालून आली.

बायको अनवाणी धावली. "अगं, आपला आहे! आपला आहे गं तो!" मीही ओरडलो. मराठीत, इंग्रजीत, येत होत्या त्या सगळ्या भाषांत. जाळीचं फाटक उघडेपर्यंत गाढवीण पुढच्या दोन्ही पायांनी पुनःपुन्हा त्याच्या अंगावर उतरत होती.

आम्ही पोचलो तेव्हा ती आपणहून बाजूला झाली. त्याने एकदा बायकोकडे बघितलं, मान वाकडी केली आणि तेवढंच. तारेपलीकडे कोणी उरलं नव्हतं. करडं आयांना लुचत होती.

खड्डा मी खणला. तिथली काळी माती ओली असली की बूट गिळते. मी विहीर खणल्यासारखा खणत सुटलो, पाणी लागलं असतं तरी थांबलो नसतो. बायकोने खांद्यावर हात ठेवला म्हणून थांबलो. तिने त्याला आपल्या जुन्या सुती साडीत गुंडाळलं होतं. म्हातारा आला, हॅट काढून उभा राहिला. सांगितलं होतं, असं तो एकदाही म्हणाला नाही. जाताना एवढंच बोलला, "ट्रेलर हवा असेल तर सांगा."

दुपारी मी घरभर शोधलं तर बायको जाळीपलीकडे होती. पाइप धरून गाढविणीचा टब भरत होती. गाढवीण तिच्या कोपराशी तोंड लावून उभी.

"त्याला ट्रेलर आणायला सांगतो," मी म्हणालो. "आजच्या आज. मला ती डोळ्यांसमोर नको. तू तरी कशी जवळ उभी राहतेस तिच्या?"

टब काठोकाठ भरल्यावर तिने नळ बंद केला.

"राहू द्या," ती म्हणाली. "करडं लहान आहेत अजून."