नाना आणि माझा हात

नाना गेल्याचा फोन मेहुण्याने, दिलीपने केला. बायको भिंतीला टेकून रडू लागली आणि माझं लक्ष गेलं ते माझ्या डाव्या हाताच्या वाढलेल्या नखांकडे. ही आता कोण काढणार... सासरा गेला आणि मनात आलं ते हे. त्याची लाज अजून जात नाही.

धरणगावच्या एका जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या यंत्रात, माझा उजवा हात मनगटापासून गेला, त्याला बरीच वर्षं झाली. डाव्या हाताने जेवायला शिकलो, लिहायला शिकलो. पण डाव्या हाताची नखं डाव्याच हाताने कशी काढणार? बायकोला सांगायचीसुद्धा लाज वाटे. मोरीतल्या दगडावर बोटं घासायचो, कधी रक्त यायचं. सासरी नरडाण्याला गेलो की थोटा हात उपरण्याखाली असायचा, आणि पंगत बसली की मला नेमका उपवास असायचा.

एका दुपारी ओट्यावर माझी खरचटलेली बोटं नानांनी पाहिली. काही न विचारता घरातून नेलकटर आणलं आणि माझ्यापुढे खाली बसले. सासरा जावयाच्या पायाशी! मी हात मागे ओढला.

"नाना, लोक काय म्हणतील?"

"लोकेसना नखं काढाले नही बठेल मी. हात आठे द्या, पाव्हना."

नखं काढून होईपर्यंत मी मान वर केली नाही. पुढे दर खेपेला ते आपणहून बसत. मला कधी मागावं लागलं नाही, म्हणून मागायला मी शिकलोही नाही.

शेवटची भेट त्यांच्या आजारपणातली. घरातले सगळे शेतात गेले होते. नाना खाटेवरून म्हणाले, "पाव्हना, पानी." डाव्या हातात पेला घेतला, पण त्यांची मान कशाने उचलू? मी दाराकडे पाहत राहिलो, कुणी येतंय का...

"तो हात शे ना?" नाना म्हणाले.

उपरणं बाजूला ठेवलं. तो हात इतक्या वर्षांत मी कुणाला लावला नव्हता. नानांनी डोकं त्यावर सगळंच्या सगळं सोडून दिलं. अर्धं पाणी गळ्यावर सांडलं, त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. म्हणाले, "आखो द्या." मी आणखी पाजलं.

दहाव्याला तापीच्या काठी सगळ्यांनी आंघोळी केल्या. ओलं धोतर सोडून मी कोरडा पंचा गुंडाळला, पण एका हाताने गाठ बसेना. पाहुणेमंडळी भोवती उभी. पंचा मुठीत धरून मी दिलीपला म्हणालो, "गाठ मारून दे रे." त्याला ऐकू गेलं नाही. मग मोठ्याने म्हणावं लागलं, आणि चारजणांनी वळून पाहिलं. कानशिलं तापली माझी.

दिलीपने वाकून गाठ मारली. "बरोबर शे का?"

पंचा पोटाला काचत होता. 'बरोबर आहे' असं म्हणून सुटणार होतो...

"थोडी सैल कर," मी म्हणालो.