बांधावरचा वीरगळ

तेलात कालवलेल्या शेंदराचा वास आला की मला शेताच्या बांधातला तो रिकामा खड्डा आठवतो. सातवीत सरांनी ‘आपल्या गावाचा इतिहास’ असा प्रकल्प दिला होता. पोशीरला आमच्या शेजारी राहणारे आजोबा मला त्यांच्या शेतात घेऊन गेले आणि गवत बाजूला सारून त्यांनी वीरगळ दाखवला. लढाईत पडलेल्या कुणाचा तरी कोरीव दगड, वर चंद्र-सूर्य. “भातलावणीच्या आधी ह्याला शेंदूर लावल्याबिगर आमी शेतात उतरत नाय. पन जागा कोनाला सांगू नको गं,” ते म्हणाले. मी वहीत जागा लिहिली नाही, तेव्हा सर म्हणाले, “पुराव्याशिवाय इतिहास नसतो. नकाशा काढ, वही फक्त मीच बघणार.” मी काढला. सरांनी वर्गाला माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. वही मात्र परत दिली नाही. पुढच्या लावणीला आजोबा शेंदराची वाटी घेऊन गेले, तर दगडाच्या जागी खड्डा. भरल्या वाटीनिशी ते तसेच आमच्या दारात आले. “तू सांगितलंस ना गं?” एवढंच विचारलं. मी सरांचं नाव घेतलं, पण नकाशा तर माझाच होता. मागच्या वर्षी ऑफिसची सहल कळंबच्या एका रिसॉर्टवर गेली, तिथे कारंज्याशेजारी तो वीरगळ उभा होता, घासूनपुसून लख्ख. खालच्या पाटीवर माझ्या वहीतली वाक्यं जशीच्या तशी, आणि शेवटी सरांचं नाव. मी वाकून दगडाचा वास घेतला. फिनेलचा येत होता.