कापसानं आमचा सूर उघडा पाडला

मंडळी, एक पेच पडलाय, म्हणून लिहितेय.

अल्लीपूरजवळच्या आमच्या शाळेची मुलं पुढच्या आठवड्यात नागपूरला समूहगान स्पर्धेला जाणार आहेत. गाडीभाड्यासाठी आज सकाळी आम्ही गावात दारोदार गाणी म्हटली. कापसाची वेचणी सुरू आहे, रोख कुणाच्याच हातात नाही. पण गाणाऱ्याला रिकाम्या हाती कोण पाठवणार? कुणी ओटीभर कापूस दिला, कुणी टोपलीभर.

गाण्याच्या खोलीत छातीएवढा ढीग झाला. तिथेच सराव घेतला आणि मी हादरले. एरवी टिनाच्या छपराखाली आवाज घुमतो, सगळं गोड लागतं. आज कापसानं तो घुमाराच गिळला. एकेक आवाज वेगळा ऐकू आला, आणि निम्मे बेसूर!

"मॅडम, आपण रोज असंच गाऊन राह्यलो होतो का?" सातवीतल्या पूनमनं विचारलं.

तेवढ्यात व्यापारी कापूस विकत न्यायला आला; त्याच पैशांतून गाडीभाडं निघणार होतं. पूनम दारात आडवी उभी राहिली. "काका, चार दिवसांनी येजा ना. आमचं गाणं नीट होऊ द्या."

मी तिला बाजूला केलं नाही. तो परत गेला.

आता बाहेर आभाळ भरून आलंय, आणि ते टिन गळतं. कापूस भिजला तर गाडी नाही. विकला असता तर सूर नाही.

तुम्ही त्या व्यापाऱ्याला थांबवलं असतं का हो?